इंजिनाचं पोस्टमॉर्टेम कुणी करायचं?

आपल्याकडे नवी गाडी घेणं म्हणजे छोटेखानी लग्नसमारंभच असतो. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली आणि सेल्समनने काढलेला सहकुटुंब फोटो. या गडबडीत एक पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये जातं आणि कायमचं तिथेच राहतं. त्याचं नाव वॉरंटी बुकलेट. आपण सॉफ्टवेअरवाले 'आय अ‍ॅग्री'वर डोळे मिटून क्लिक करणारे लोक, त्यामुळे ते वाचायचा प्रश्नच येत नाही. आणि खरं सांगू का, वाचून फार फरकही पडत नाही. कारण इंजिन गेल्यावर जे भांडण होतं ते पुस्तकात काय लिहिलंय यावरून होतच नाही. ते होतं इंजिन *कशाने* गेलं यावरून.

पुस्तकातला मुद्दा अगदी सोपा आहे. मालात किंवा बनावटीत दोष असेल तर कंपनी फुकट दुरुस्त करणार. निष्काळजीपणा, इंजिनात शिरलेलं पाणी, भेसळीचं इंधन, चुकीचं ऑइल, बाहेरचं मॉडिफिकेशन यातलं काही असेल तर नाही करणार. वाजवी आहे. पण मग यातलं नेमकं काय झालं हे ठरवणार कोण? तर सर्व्हिस सेंटर आणि कंपनीचा माणूस. म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे जायचे, तोच डॉक्टर, तोच पंच आणि तोच न्यायाधीश! माझं आजचं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर आहे. वॉरंटीच्या भांडणातला खरा अन्याय त्या बारीक अक्षरांत नाहीये. तो या एकाच खुर्चीत बसलेल्या तिघांत आहे.

थोडं इंजिनाच्या आत जाऊ. (मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये बेअरिंगचे पातळ शेल असतात आणि त्यांच्या मध्ये ऑइलचा एक अतिशय पातळ थर. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर तुटला की बेअरिंग घासायला लागतं, 'टक टक टक' आवाज सुरू होतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम. आता हा थर तुटतो कशाने? मालकाने वेळेवर ऑइल बदललं नाही, त्याचा गाळ झाला आणि वाटा तुंबल्या, हे एक कारण. कारखान्यात क्रँकशाफ्ट कापताना राहिलेला धातूचा कीस ऑइलच्या वाटेत अडकला, हे दुसरं. ऑइल पंपच कमजोर निघाला, हे तिसरं. आणि गेल्या सर्व्हिसिंगला कुणा पोऱ्याने फिल्टर नीट आवळला नाही किंवा भलत्याच ग्रेडचं ऑइल ओतलं, हे चौथं.

चारही वेळा वरवर एकच दिसतं. घासलेलं, काळं पडलेलं बेअरिंग आणि ऑइलमध्ये चकाकणारे धातूचे कण. पण बिल वेगवेगळ्या माणसावर फाटतं. पहिल्यात मालकावर, दुसऱ्या-तिसऱ्यात कंपनीवर आणि चौथ्यात खुद्द सर्व्हिस सेंटरवर. आणि रिपोर्ट लिहितं कोण? सर्व्हिस सेंटर! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. बरं, माणूस चोर नसला तरी किल्ल्या त्याच्याच हातात आहेत, हा प्रॉब्लेम उरतोच.

आता एक घडलेली गोष्ट. माझा एक टीममेट, मूळचा सांगलीचा. पेट्रोल हॅचबॅक, घेऊन अडीच वर्षं झालेली, ३८ हजार किलोमीटर चाललेली. गावाला जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर इंजिनचा दिवा लागला, आवाज आला आणि गाडी बंद. टो करून पुण्याला आणली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, इंजिनात स्लज आहे. कस्टमर निग्लिजन्स. वॉरंटीत नाही बसत. एस्टिमेट १ लाख ८५ हजार." हा धावत गेला तर इंजिन आधीच खोललेलं, हेड बाजूला, पार्ट ट्रेमध्ये. खोलताना हा तिथे नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. याच्या सगळ्या सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच झालेल्या, फक्त एकदा सांगलीला ओळखीच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललेलं. तेही पुस्तकातल्याच ग्रेडचं, पक्क्या बिलासकट. त्यावर उत्तर, "बाहेर काम केलंत ना सर, मग तिथेच वॉरंटी संपली." हा म्हणाला, ठीक आहे, हे लेखी द्या. तर म्हणे, "सिस्टिममध्ये तसा फॉरमॅट नाहीये."

फॉरमॅट नाहीये!! आपल्याकडे क्लायंटचा सर्व्हर दहा मिनिटं झोपला तर रूट कॉज अ‍ॅनालिसिस द्यावं लागतं. कधी पडला, का पडला, परत पडू नये म्हणून काय केलं, सगळं टाइमस्टॅम्पसकट. आणि इथे नऊ लाखांच्या वस्तूचा जीव गेला तरी मृत्यूचं कारण फोनवर, तोंडी.

तीन आठवडे फोन, मेल, मॅनेजर, त्याचा मॅनेजर. इकडे गाडीचा हप्ता चालू, ऑफिसला जायला कॅब चालू, आणि वर 'गाडी उचला नाहीतर रोजचं पार्किंग लागेल' ही धमकी. शेवटी वरून निरोप आला. वॉरंटी नाही, पण 'गुडविल' म्हणून पार्टचा मोठा हिस्सा कंपनी सोसेल, बाकी तुम्ही द्या. अट एकच, पुढे काही तक्रार करणार नाही या कागदावर सही. त्याने ६२ हजार भरले, सही केली आणि गाडी घेऊन आला. बदललेले जुने पार्ट मागितले तर ते कंपनीची मालमत्ता म्हणून परत गेलेले. अडला हरी... वगैरे वगैरे. मी त्याला अजिबात दोष देत नाही. महिना-महिना गाडीशिवाय राहणं आणि रोज भांडणं नोकरदार माणसाला परवडतच नाही, आणि समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पण त्या 'गुडविल'कडे जरा नीट बघा. निष्काळजीपणा याचाच असेल तर कंपनीने एक रुपया तरी का द्यावा? आणि दोष कंपनीचा असेल तर याने ६२ हजार का भरावेत? या मधल्या आकड्याला तांत्रिक अर्थ शून्य. तो फक्त भांडण मिटवण्याचा दर आहे. आणि त्या सहीबरोबर आणखी एक गोष्ट मिटते, ती म्हणजे नोंद. त्याच मॉडेलची आणखी पन्नास इंजिनं देशभरात अशीच गेली असतील तर ते कुणाला कळणार? प्रत्येकाला वाटतं आपलंच नशीब फुटकं. तिकीट 'रिझॉल्व्ड' आणि बग तसाच.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत ह्युंदाईच्या थीटा २ इंजिनाचं जे झालं ते बघा. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने २०११-१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर क्रँकशाफ्टच्या मशीनिंगमध्ये राहिलेला धातूचा कीस आणि त्यामुळे ऑइलविना जळणारी बेअरिंग. म्हणजे वरच्या यादीतलं दुसरं कारण. त्याआधी आणि नंतरही कितीतरी मालकांची तक्रार हीच होती की आम्हालाच ऑइल बदलल्याच्या पावत्या मागितल्या आणि निष्काळजी ठरवलं. २०१७ मध्ये कियासकट आणखी लाखो गाड्यांची भर पडली. ही फाइल पुढे सरकली त्यात किम ग्वांग-हो या कंपनीतल्याच कोरियन इंजिनिअरचा मोठा हात होता. त्याने २०१६ मध्ये आतली माहिती अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे दिली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाचा समझोता झाला आणि २०२१ मध्ये किमला २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं.

या प्रकरणात आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. कंपनीने पुढे एक सॉफ्टवेअर अपडेट दिलं. इंजिनातल्या नॉक सेन्सरवरून बेअरिंग जाण्याआधीची थरथर ओळखायची आणि ड्रायव्हरला इशारा द्यायचा. थोडक्यात काय, बेअरिंग मरायच्या आधी ओरडतं आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला ते ऐकता येतं. आजच्या गाडीत डेटा आहे. दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, तापमान किती, वेग किती, फॉल्ट कोड कुठला, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये साठतं. पण ते वाचणारा स्कॅनर त्यांच्या हातात आणि पुसायचं बटणही त्यांच्याच हातात. प्रॉडक्शनचा लॉग फक्त व्हेंडरकडे असला की आरसीएमध्ये काय येतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ग्राहक काही राजा हरिश्चंद्र नसतात. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही 'घरापर्यंत जाईल की' म्हणून वीस किलोमीटर चालवणारे आहेत, पॉवरसाठी ट्यूनिंग करून घेऊन वॉरंटीच्या वेळी गुपचूप मूळ सेटिंग टाकणारे आहेत. आणि पावसाळ्यात तर काही विचारू नका. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची, पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसल्या पाण्यात बुडालेली गाडी नुसती टो करून नेली तर इंजिन वाचू शकतं. स्टार्टर मारला की संपलं. हा बिघाड वॉरंटीत बसत नाही आणि बसूही नये. त्यासाठी विम्याचं इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. म्हणजे खोटे क्लेम येतात हे कंपन्यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्यावरचं उत्तर 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे कसं असेल? तिसऱ्याला बोलवा, हेच असलं पाहिजे. तिसरा माणूस आला तर खोटा ग्राहकही पकडला जाईल. निर्दोष कंपनीला त्याची भीती वाटायचं काय कारण?

आणि हे काही अशक्यप्राय नाही. विम्यात ठराविक रकमेपुढचं नुकसान झालं की परवानाधारक सर्व्हेअर येतो. त्याची फी विमा कंपनी देते, त्यामुळे तो अगदी देवमाणूस असतो असं नाही. पण निदान तो वेगळा माणूस असतो, त्याला परवाना असतो आणि त्याला रिपोर्ट लिहावा लागतो. वॉरंटीत एवढंसुद्धा नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था आहे, पण तिचं मुख्य काम नवी मॉडेलं तपासण्याचं, तुमचं-माझं जळकं इंजिन बघण्याचं नव्हे.

कायदा काय म्हणतो? वाटतं त्यापेक्षा बराच आपल्या बाजूने आहे. 'बाहेर काम केलं की वॉरंटी संपली' हे वाक्य घ्या. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानेच अशा सरसकट अटीला मनाई आहे. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, त्या आदेशातही हेच आहे. बाहेरच्या गॅरेजला दाखवलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं ते वेगळं. पण माझ्या टीममेटला काउंटरवर ऐकवलेलं वाक्य आयोगाने तेव्हाच चुकीचं ठरवलं होतं, आणि ते आजही सर्रास ऐकवलं जातं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सोयी चांगल्या आहेत. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग. तक्रार ऑनलाइन करता येते, आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथे करता येते, वकील सक्तीचा नाही. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी फक्त २०० रुपये, म्हणजे शुक्रवारच्या पिझ्झापेक्षा कमी. मुदत दोन वर्षं. वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचीही तरतूद आहे. पण घोडं पेंड खातं ते इथेच. उत्पादनातला दोष सिद्ध करायला आयोग साधारणपणे तज्ज्ञाचं मत मागतो, आणि तोवर इंजिन खोललेलं असतं, पार्ट कंपनीकडे गेलेले असतात, कोड पुसलेले असतात. प्रेत जाळून झाल्यावर पोस्टमॉर्टेमची ऑर्डर मिळून काय उपयोग?

नोंदीचंही तेच. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचे नियम आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्या, ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार गाड्या परत बोलावायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. हायवेवर ताशी ऐंशीने जाताना इंजिन बंद पडणं हा माझ्या मते सुरक्षेचाच प्रश्न आहे. पण तक्रारी मोजल्या तर प्रमाण निघणार ना! प्रत्येक केस गुडविलच्या सहीखाली गाडली गेली तर मोजणार काय, कपाळ?

म्हणून माझ्या मागण्या फक्त तीन आहेत. एक, वॉरंटी नाकारायची असेल तर लेखी कारण, पार्टच्या नावासकट आणि फोटोंसकट. दोन, इंजिन खोलताना मालकाला बोलावणं आणि खोलण्याआधी कॉम्प्युटरमधला डेटा त्याला देणं. तीन, वाद झाल्यास परवानाधारक स्वतंत्र तपासनीस, आणि तो येईपर्यंत पार्ट सीलबंद. यातलं पहिलं आणि दुसरं करायला तर नवीन कायदाही नको, सर्क्युलर पुरे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? हे कुठेतरी सेव्ह करून ठेवा:

१. ऑइलचा दिवा लागला किंवा टकटक ऐकू आली की गाडी बाजूला घेऊन *बंद*. मीटरचा आणि दिव्यांचा फोटो काढा. परत स्टार्ट करून बघू नका.

२. ओबीडी सॉकेटला लागणारा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर घेऊन ठेवा. टोवाला येईपर्यंत कोड वाचून स्क्रीनशॉट काढा.

३. जॉब कार्डवर सही करताना 'माझ्या उपस्थितीतच इंजिन खोलावे' असं हाताने लिहा आणि तेच लगेच मेल करा.

४. खोलताना व्हिडिओ काढा. निघालेल्या ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून दोघांच्या सहीने सील करा.

५. फोनवर जे सांगितलं ते मेलवर परत लिहून पाठवा, 'आपण आज सांगितल्याप्रमाणे...' अशी सुरुवात करून. फॉरमॅट त्यांच्याकडे नसला तरी आपल्याकडे आहे.

६. 'नवी गाडीच द्या' हा हट्ट शक्यतो नको. वॉरंटी म्हणजे सदोष पार्ट बदलून देण्याचं वचन, अख्खी गाडी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात म्हटलंय. इंजिन मागा, गाडीविना गेलेल्या दिवसांचा खर्च मागा.

७. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही घ्या, आणि कुणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यात २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी विकली गेली होती. त्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही. दोघांचे हिशेब वेगळे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

८. गुडविल घ्यावं लागलं तर घ्या, पोटापाण्याचा प्रश्न असतो. पण सहीच्या आधी कागद नीट वाचा, आणि शक्य असेल तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार आधीच नोंदवून ठेवा. तुमचे पैसे कदाचित परत येणार नाहीत, पण पुढच्याला निदान कळेल की तो एकटा नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण सगळे दिवसभर दुसऱ्यांचे बग लॉग करून पगार घेतो. स्वतःच्या इंजिनाचा एक लॉग करायला हरकत नसावी.